वारसा रोज काय काम करतो?

(फुलंब्री येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फुलंब्रीहून शहराकडे निघालं, की हर्सूल मागे पडतं आणि गाडीत कुणीतरी म्हणतंच, "दिल्लीगेटला उतरायचंय." कुणाला दवाखाना असतो, कुणाची परीक्षा, कुणाला लग्नाचा बस्ता. औरंगजेबाच्या काळात, १६८२च्या सुमाराला शहराभोवती कोट बांधला गेला आणि त्या कोटाच्या उत्तरेचं हे दार, असा विचार त्या वेळी कुणाच्याही डोक्यात नसतो. नसू दे. मला आज जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं. तो दरवाजा आपल्या तोंडात आहे, कारण तो पत्ता म्हणून अजून कामाला येतो.

आता आपल्या शहरावरचं कुठलंही माहितीपत्रक घ्या. पहिलं वाक्य ठरलेलं: "बावन्न दरवाजांचं शहर." मग १६१०, मलिक अंबर, खडकी, १६१२, भडकल दरवाजा, मग फत्तेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शेजारी फोटो: रात्रीची वेळ, कमानीवर पिवळे दिवे आणि रस्ता रिकामा. त्या रस्त्यावर तुम्हाला कधी रिकामी जागा दिसली आहे का हो? म्हणजे फोटो काढणाऱ्यानं माणसं जाईपर्यंत वाट पाहिली असणार. माझी टीका नेमकी या वाट पाहण्यावर आहे. सनावळी बरोबरच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. माणूस बाजूला सारून उरतं त्याला आपण वारसा म्हणायला लागलो, यावर माझा आक्षेप आहे.

मग वारसा ओळखायचा कसा? मी एक साधी कसोटी लावतो. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, अशा साध्या मंगळवारी ही गोष्ट काय काम करते?

दोन कापडं घेऊ. हिमरू आणि पैठणी. दोन्ही आपल्याच जिल्ह्याची. हिमरूत ताणा सुती आणि बाण्यात रेशीम. किनखाब परवडत नसे, त्यांच्यासाठी तसा दिसणारा हा प्रकार. महंमद तुघलकानं १३२७ला राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर त्याच्यासोबत आले, असं सांगतात. हिमरूच्या शेरवान्या व्हायच्या, जामे व्हायचे. पुढे दरबार गेला, शेरवानी लग्नापुरती उरली, आणि हिमरूला काम उरलं नाही. आज ती शाल म्हणून, पर्यटकाची आठवण म्हणून विकली जाते. पैठणीचं काय झालं? तीही महाग, तीही वेळखाऊ. पण तिला लग्न मिळालं. आईची पैठणी लेकीला जाते. टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'मध्ये भाऊजी घरोघरी जायचे ते पैठणीच घेऊन. हसू नका, मी गंमत करत नाही. त्या कार्यक्रमामुळे विणकराच्या हातात किती पैसे पडले हा वेगळा प्रश्न, पण पैठणी हे नाव आणि तिची हाव त्यानं घराघरात ठेवली. हिमरूच्या वाट्याला असा कुणी भाऊजी आला नाही.

याच कसोटीला दुसरं उदाहरण लावतो. पाणचक्की. आपण तिकीट काढून आत जातो, पाणी पडताना बघतो, वडाखाली बसतो. तिथे मुळात काय होतं? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात राहणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून यायचं, उंचावरून पडायचं, चाक फिरायचं, जातं फिरायचं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मलिक अंबरानं शहरासाठी काढलेली नहरही अशीच, उताराच्या हिशोबावर चालणारी. आज शहर पाणी कुठून आणतं? जायकवाडीवरून, जवळपास पन्नास किलोमीटर, विजेवर उपसून. आणि तरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते शहरात राहणाऱ्या तुमच्या पाहुण्यांना विचारा.

इथे मला सावध राहिलं पाहिजे. नहर परत चालू करा म्हणजे पाणीप्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. २०११च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं होतं. त्या नहरी त्या लोकसंख्येसाठी नव्हत्याच. पण आपण काय केलं बघा. दरवाजावर दिवे लावले आणि नहरीवर घरं बांधली. दरवाजा दिसतो, नहर दिसत नाही. फोटो निघतो ते जपायचं आणि राबतं ते बुजवायचं, असा आपला निवडीचा नियम झालाय. खरं तर नहरीत जास्त अक्कल होती.

आता तिसरी गोष्ट, जी कुणीच जपत नाही आणि तरी जिवंत आहे. बोली. शहागंजात, रोशनगेटला उभे राहा आणि कान द्या. "नक्को" ऐकू येईल. तो आपला 'नको'च आहे, दख्खनीत जाऊन जरा जोर धरून बसलेला. वली आणि सिराज हे मोठे कवी याच शहराचे, पण "नक्को" म्हणायला वली वाचलेला असावा लागत नाही. तसंच नान-खलियाचं. तुघलकाच्या सैन्यासाठी तो शोधला, ही दंतकथा खरी की खोटी मला ठाऊक नाही. लग्नात देगीतून तो आजही वाढला जातो, हे खरं. कर्णपुऱ्याच्या देवीला नवरात्रात जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, की ते नाव बिकानेरच्या राजा कर्णसिंहावरून आलंय? माहीत नसलं तरी यात्रा भरते.

आपल्यापुरतं हे बोलून थांबता आलं असतं, पण एक लांबचं शहर आठवतं. चीनमधलं सूचौ. कालव्यांचं, बागांचं गाव. तिथल्या बागा १९९७ला जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, तिथली खुनछू ही संगीतनाट्याची परंपरा २००१ला युनेस्कोनं गौरवली. पण रोजचा प्रकार वेगळाच: फिंगथान. चहा घेत बसायचं आणि तंतुवाद्यावर सांगितलेली गोष्ट ऐकायची, तीही सूचौच्या बोलीत. आता तिथली मुलं शाळेत प्रमाणभाषा शिकतात, बोली मागे पडते. बागेला कुंपण घालता येतं. बोलीला कुठलं कुंपण घालणार? गोष्ट सांगणारा राहील, पण विनोद कळून हसणारा राहणार नाही. हे ऐकून मला आपला "नक्को" आठवतो, आणि फुलंब्रीच्या पोरांना शहरात गेल्यावर आपली बोली लपवावीशी वाटते तेही आठवतं.

आता माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप घेतो, कारण तुम्ही घ्याल. "सर, रोजच्या वापरात राहावं म्हणता, म्हणजे विणकराच्या पोरानं मागावरच बसायचं का?" नाही. अजिबात नाही. एका पैठणीला महिनोन्‌महिने लागतात. पाठ वाकते, डोळे जातात, आणि यंत्रमागावरची साडी शेजारी निम्म्याहून कमी भावात टांगलेली असते. त्या पोराला नोकरी करावीशी वाटली, तर तो संस्कृतीचा गुन्हेगार होत नाही. परंपरा टिकावी ही हौस आपली आणि तिचा भार त्याच्या पाठीवर, हा न्याय नाही. म्हणून माझ्या कसोटीला दुसरा अर्धा भाग जोडतो: ही गोष्ट काय काम करते, आणि त्या कामाचं पोट कोण भरतं? पहिला प्रश्न विचारून दुसरा टाळणारा माणूस रसिक असेल, पण तो वारशाचा मित्र नाही.

तर, मंडळी, घरी गेल्यावर एक करा. आजीच्या पेटीतलं लुगडं काढा आणि विचारा, कुठल्या मागावरचं, किती वर्षं नेसलं, कुठे रफू केलं. जुन्या विहिरीवर कुणाला विचारा, पाणी कुठल्या बाजूनं झिरपतं. लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी दिल्लीगेटला उतरलात, की फोटो काढायचाच असेल तर रस्ता रिकामा होण्याची वाट बघू नका. रिक्षावाला, भाजीची पाटी, शाळेची पोरं, सगळे येऊ द्या त्यात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.