वारेची कॅप्सूल

वार म्हणजे बाळामागून पडते ती. आपल्याकडे ती पुरायची वस्तू. अमेरिकेत मात्र ती वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरून बाळंतिणीला देणारे व्यावसायिक आहेत. का, तर म्हणे रक्त भरतं, मन उदास होत नाही! लास व्हेगसच्या विद्यापीठाने काहीजणींना वारेच्या, काहीजणींना नुसत्या गोमांसाच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. रक्तातल्या लोहात सांगण्याजोगा फरक नाही.

एवढ्यावर हसून सोडलं असतं हो. पण २०१६ साली ऑरेगनमध्ये एक तान्हं बाळ जंतुसंसर्गातून बरं होऊन घरी आलं, आणि पाचच दिवसांत पुन्हा इस्पितळात. तेच जंतू आईच्या कॅप्सूलमध्ये सापडले.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमची मावशी लाडवांसाठी डिंक तळत होती. ‘‘मेलं, नीट शिजवलं तरी होतं का?’’ म्हणाली.