उकरणे, ढवळणे, उपसणे

एलिझाबेथ बिशपची ‘द बाइट’ ही कविता मराठीत आणायला बसले आणि एका यंत्रापाशी अडकले. जागा फ्लोरिडातल्या की वेस्टची, वेळ ओहोटीची. धक्क्याच्या टोकाशी छोटा ड्रेजर खडखडतोय. पेलिकन धाडकन पाण्यात सूर मारतात आणि बहुतेकदा रिकाम्या चोचीने वर येतात. मागच्या वादळात आपटलेल्या होड्या तशाच पडून आहेत. बिशपला त्या फोडलेल्या, पण उत्तर न दिलेल्या पत्रांसारख्या दिसतात. शीर्षकाखाली तिने आपल्या वाढदिवसाची नोंद केली आहे. म्हणजे हा नुसता देखावा नाही, स्वतःचा हिशेब मांडायचा दिवस आहे.

यंत्राच्या नावाची अडचण नाही, ड्रेजर आपल्या बंदरांतही ड्रेजरच असतो. प्रश्न त्याच्या कामाला कोणतं क्रियापद द्यायचं, हा. इंग्रजीत ‘ड्रेज’ म्हणजे पाण्याच्या तळाचा गाळ खरवडून काढणं. (मासा पिठात घोळवतात तो ‘ड्रेज’ निराळा, तो मिठाईच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून आला.) पण ‘ड्रेज अप’ म्हटलं की त्यात आरोप येतो: विसरलेलं, नकोसं काहीतरी तू मुद्दाम वर काढतोयस. आपल्याकडे हाच आरोप कोरड्या जमिनीवर होतो. बाबांच्या कर्जांवर मी लेख लिहायला घेतला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, “जुनी मढी कशाला उकरतेस?” लेख अर्ध्यावर थांबला.

म्हणून ‘उकरणे’ नको होतं. त्यात खाली मेलेलंच काहीतरी सापडणार, हे आधीच ठरलेलं असतं. ‘ढवळणे’ही नको. मनाचा तळ ढवळून काढणारी पुस्तकं आपल्या परीक्षणांत सतत भेटतात; पण ढवळल्याने पाणी फक्त गढूळ होतं, गाळ जागेवरच राहतो.

उरलं ‘उपसणे’. आपण विहीर उपसतो, गाळ उपसतो आणि कष्टही उपसतो. हा शेवटचा अर्थ इंग्रजी शब्दाला नाही, पण बिशपच्या कवितेला आहे. तिचा ड्रेजर शेवटी काय वर आणतो? मोती नाही, बुडालेलं जहाज नाही, गुपित नाही. निथळणारी चिकणमाती. आणि काम पुढे चालू राहतं, गबाळं आणि तरीही बऱ्यापैकी आनंदी. आठवणींवरच्या कितीतरी कविता तळाशी गेल्यावर साक्षात्कार देतात. ही कविता घासभर चिखल देते आणि तेवढ्यावर थांबते. तिचं मोठेपण मला या प्रामाणिकपणात दिसतं.

बिशप अलिप्त आहे, दुःख लपवते, असं कुणी म्हणेल. मला ते लपवणं वाटत नाही. तिचा जवळचा मित्र रॉबर्ट लोवेल याने ‘द डॉल्फिन’ (1973) या संग्रहात आपल्या आधीच्या बायकोची, एलिझाबेथ हार्डविकची, खासगी पत्रं बदल करून वापरली. पुस्तक येण्याआधीच, 1972 मध्ये, बिशपने त्याला पत्र लिहून कडक हरकत घेतली होती. स्वतःबद्दल लिहायला तिची ना नव्हती. दुसऱ्याची पत्रं, तीही बदलून, छापायला होती. गाळ उपसताना तो कुणाच्या विहिरीतला आहे, हे तिला विचारावंसं वाटलं. ‘द बाइट’मधली ती उत्तर न दिलेली पत्रं मी आता याच प्रसंगाच्या उजेडात वाचते. ती फोडलेली आहेत, पण आत काय लिहिलंय ते बिशप आपल्याला सांगत नाही.

‘उपसणे’ वापरल्यावर ‘ड्रेज अप’मधला आरोप माझ्या अनुवादात हरवतो. तोटा खरा आहे. मी तो पत्करला.

मग अर्धवट लेख पुन्हा उघडला. बाबांना आईने लिहिलेलं एक पत्र मी त्यात जसंच्या तसं घातलं होतं. तिला न विचारता. ते काढून टाकलं. बाकीचं लिहिते आहे.