चिखलात राहिलेले बूट

दिवाळी संपली की आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते, आणि पोषाखाचे खाते गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. माझे वडील शिंपी होते. तेव्हा काज, गोट आणि अस्तर यांतले मला काही कळत असले पाहिजे, असा मुख्याध्यापकांचा समज आहे. दहाबारा मावळे, एक महाराज आणि एक जिजाबाई एवढी मंडळी मला दरवर्षी उभी करावी लागतात. कलगी चमकीची, तलवार पुठ्ठ्याची आणि अंगरख्याच्या खाली शाळेचे काळे बूट! मी दरवर्षी म्हणतो, "बाळांनो, बूट काढा." दरवर्षी एखादी आई म्हणते, "असू द्या हो गुरुजी, पाय गारठतील त्याचे." आणि मावळा बूट घालूनच गड सर करतो.

या बुटांचा मी कधी फारसा विचार केला नव्हता. तो करायची वेळ आली ती परमुलखात. माझी धाकटी बहीण अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. "दादा, तू इतिहासावर कादंबऱ्या लिहितोस ना? मग तुला एक लढाई दाखवते," असे म्हणून ती मला शेनांडोआच्या खोऱ्यातील न्यू मार्केट नावाच्या गावी घेऊन गेली.

तिकडे हौशी मंडळी जुन्या लढायांचे प्रयोग करतात. हे लोक नोकरीधंद्याचे. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी बँकेतला कारकून. सुटीच्या दिवशी ते दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे अंगावर चढवतात, तंबूत झोपतात आणि मोकळ्या रानात बिनगोळीच्या बंदुका उडवतात. नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते. मग या प्रयोगाचे का होऊ नये? तिथेही नट आहेत, नेपथ्य आहे, प्रेक्षक आहेत. वेषभूषेला तर तिथे जेवढा मान आहे तेवढा मी कुठल्याच रंगभूमीवर पाहिला नाही. म्हणून या लेखात मी वेषभूषेपुरतेच बोलणार आहे.

आधी लढाई सांगितली पाहिजे. अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी संघराज्यातून फुटून निघाली होती. व्हर्जिनियात लेक्झिंग्टन येथे १८३९ साली स्थापन झालेली एक सैनिकी पाठशाळा आहे. उत्तरेची फौज खोऱ्यात उतरली तेव्हा दक्षिणेच्या सेनापतीने, ब्रेकिनरिजने, या शाळेतील विद्यार्थ्यांना बोलावून घेतले. हा ब्रेकिनरिज तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता! मुले पावसापाण्यातून चार दिवसांत सुमारे ८० मैल चालत आली. १५ मे १८६४ रोजी लढाई झाली. मुले राखीव ठेवावीत असा सेनापतीचा विचार होता. पण फळीत खिंडार पडले आणि त्याने नाइलाजाने त्यांना पुढे घातले. २५७ विद्यार्थी त्या दिवशी रणात होते, काहींचे वय अवघे पंधरा. दहा जण प्राणास मुकले, चाळीसहून अधिक जखमी झाले. बुशाँग नावाच्या शेतकऱ्याच्या घरापलीकडचे रान पावसाने असे चिखलून गेले होते की धावता धावता मुलांच्या पायांतले बूट चिखलातच रुतून राहिले. म्हणून त्या जागेला हरवलेल्या बुटांचे रान म्हणतात.

आता वेषाकडे वळू. सैनिकी विद्यार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? छातीवर पितळी बटणांच्या रांगा, एकमेकांना छेदणारे पांढरे पट्टे, कडक इस्त्रीची विजार. युद्धापूर्वी या शाळेतील मुलांचा समारंभी थाट असाच होता. पण १८६४ पर्यंत तो थाट ओसरला होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरे रोखली होती. चांगले कापड बाहेरून येणे दुरापास्त झाले होते. जॉन वाइज नावाचा सतरा वर्षांचा मुलगा या लढाईत जखमी झाला. तो एका माजी गव्हर्नरचा मुलगा. त्याने १८९९ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. भरजरी वेष जाऊन त्याच्या जागी जाडेभरडे राखी जाकीट कसे आले, आणि पुढे पुढे ज्याला जे कापड मिळेल ते तो कसा घालू लागला, हे त्याने लिहून ठेवले आहे. हातांत ऑस्ट्रियन बनावटीच्या लांब, जड बंदुका. डोक्याला साधी टोपी. खांद्यावरून गुंडाळलेले कांबळे. कमरेला चाळीस काडतुसांची कातडी पेटी. गणवेष म्हणजे सर्वांचा वेष एकसारखा, ही कल्पनाच तिथे गळून पडली होती.

म्हणून या भूमिकेची पहिली कसोटी अशी की, नट फार सजलेला नको. मी पाहिलेल्या मंडळींपैकी बरीचशी या कसोटीला उतरली, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने मला आपले जाकीट हातात घेऊन पाहू दिले. मी शिंप्याचा मुलगा. आधी उलटे करून शिवण पाहिली. काजे सगळी हाताने केलेली होती. कापड 'जीन' नावाचे, पण आपल्याकडची पोरे घालतात ते नव्हे. याचा ताणा सुती आणि बाणा लोकरीचा. राखी रंग वनस्पतींपासून काढलेला. उन्हात तो विटून तपकिरी होतो, आणि म्हणूनच जुन्या वर्णनांत एकाच फौजेचे कपडे कधी राखाडी तर कधी तपकिरी दिसतात. बुटांचे तळ लाकडी खुंट्यांनी ठोकलेले. या मंडळींत टाके मोजणाऱ्यांचा एक कडवा पंथ आहे. टोनी हॉरविट्झ या लेखकाने त्यांच्यावर १९९८ साली एक पुस्तक लिहिले. पितळी बटणांना जुनेपणा यावा म्हणून ती मूत्रात भिजवून ठेवणारे लोक त्याला भेटले होते! आपल्याला हसू येते. पण बालगंधर्वांसाठी खरे शालू आणि खरे अत्तर आणणाऱ्या कंपनीचे आपण वारस आहोत. खऱ्या वस्तूने नटाच्या चालीत फरक पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इथपर्यंत माझे समाधान होते. मग फौज रानातून पुढे सरकू लागली, आणि मला एकेक गोष्ट खटकू लागली.

पहिली गोष्ट वयाची. जाकीट सोळा वर्षांच्या मुलाचे आणि आत देह पन्नाशीचा. काही कोवळी पोरेही होती. पण बरेचसे विद्यार्थी नातवंडे असलेले दिसत होते. मी हा दोष मोठा मानत नाही. पुरुषाची शकुंतला ज्या प्रेक्षकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिली, त्यांना नटाच्या देहापलीकडे पाहता येते. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलांना मरण्याचा खेळ खेळायला लावण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट बुटांची. त्या दिवशी स्वच्छ ऊन होते, रान कोरडे होते, आणि कोणाचाही बूट हरवला नाही. हवामान काही कोणाच्या हाती नसते. पण मी पायांकडे पाहत होतो. प्रत्येकाचा बूट त्याच्या पायाला बरोबर बसत होता. मापाचा, आणि मोटारीतून आणलेला. त्या मुलांचे बूट चार दिवस पावसात भिजलेले, फुगलेले, सैल पडलेले होते. वडील म्हणायचे, "कपडा शिंपी निम्मा शिवतो, निम्मा घालणारा शिवतो." टाका खरा असून भागत नाही, त्या टाक्याने काय सोसले, तेही दिसावे लागते. इथे वस्तू खऱ्या होत्या. त्यांचे हाल झालेले नव्हते.

तिसरी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. ती सुचली प्रयोग संपल्यावर, जेव्हा मी त्या पिकल्या केसांच्या गृहस्थाला जाकीट परत दिलेले पुन्हा मागून घेतले आणि त्याचा एक सुटलेला धागा बोटांत धरला. मी विचारले, "हा सुती ताणा. त्या काळी हा कापूस कोण वेचत होते?"

तो उत्तर टाळणारा माणूस नव्हता. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बहुतेक गुलाम माणसे. आणि त्या शाळेत मुलांना रांधून घालणारे, त्यांची झाडलोट करणारेही गुलामच होते. पण मास्तर, हे दाखवायला आमच्याकडे पोषाख नाही."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की पोषाख त्याच्या अंगावरच होता. जो माणूस काजाला किती टाके असावेत हे जाणतो, रंग कोणत्या झाडाचा हे जाणतो, त्याने धागा कोणाच्या हातून आला हे जाणले की त्याची साधना पुरी होते. तो तिथेच थांबला तर त्याचे सारे कष्ट एका अर्धसत्याच्या सेवेला लागतात. अर्धसत्य जितके हुबेहूब, तितके ते फसवे. चमकीच्या कलगीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. हाताने केलेल्या काजावर सगळे ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, मग असले प्रयोग बंदच करावेत. मला तसे वाटत नाही. याच मुलांत मोझेस इझिकिएल नावाचा एक ज्यू विद्यार्थी होता. लढाईनंतर त्याने आपला जखमी मित्र थॉमस जेफरसन याची शुश्रूषा केली. मित्र ख्रिस्ती, म्हणून याने त्याला ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचून दाखवला, आणि अखेरपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिला. मरणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. इझिकिएल पुढे मोठा शिल्पकार झाला आणि त्याने घडवलेली शोकमग्न स्त्रीची मूर्ती १९०३ साली त्या शाळेत बसवली गेली. या मुलांसाठी ज्याला वाईट वाटत नाही त्याने शिक्षक होऊ नये. पण त्यांच्यासाठी वाईट वाटणे आणि ज्यासाठी त्यांना मारले गेले ते चांगले मानणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वेषभूषा जर दुसऱ्या गोष्टीकडे पाहू देत नसेल, तर ती कितीही अचूक असो, पडदाच आहे.

त्या शाळेलाही हे कळायला वेळ लागला. तिथे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६८ साली, आणि पहिल्या विद्यार्थिनी १९९७ साली. युद्धापूर्वी त्या शाळेत शिकविणाऱ्या आणि पुढे दक्षिणेचा सेनानी झालेल्या जॅक्सनचा पुतळा शाळेच्या आवारातून २०२० च्या डिसेंबरात हलवण्यात आला, आणि तो न्यू मार्केटच्या रणभूमीवर नेण्यात आला. याबद्दल तिकडे कडाक्याचा वाद झाला. माझ्यासारख्या परक्याने त्यात न्यायाधीश होऊ नये. मी एवढेच पाहतो की ज्या शाळेची मुले आज सर्व वर्णांची आहेत, तिथे ते राखी जाकीट अंगात घालणाऱ्याला त्याचे सगळे अस्तर उलटून दाखवता आले पाहिजे.

दुसऱ्याचे परीक्षण करताना स्वतःचे विसरू नये. माझ्या एका कादंबरीत पानिपताच्या वाटेवर निघालेला एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या पगडीवर मी दीड पान खर्ची घातले आहे. बाराबंदीचे बंद किती, म्यान कोणत्या कातड्याचे, सगळे शोधून लिहिले आहे. वाचकांची त्यावर छान पत्रे आली. पण १७६१ च्या त्या अफाट लवाजम्यात बाजारबुणगे होते, मोतद्दार होते, बायका होत्या, त्यांतले एकही माणूस माझ्या त्या प्रकरणात नाही. मुलाची पगडी कोणी धुतली, हे मला सुचलेच नाही. न्यू मार्केटच्या त्या गृहस्थाला मी प्रश्न विचारला खरा. पण तो आधी मला कोणीतरी विचारायला हवा होता.

परत आल्यावर स्नेहसंमेलनात मी एक लहानसा बदल केला. पोषाख अजून पुठ्ठ्याचे आणि चमकीचेच आहेत. शाळेच्या फंडात त्याहून अधिक बसत नाही. मात्र वेष चढवण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या अंगावरील एका वस्तूची हकिगत शोधून आणायची: ती कशाची, कोण करीत असे, त्याला त्याचे काय मिळत असे. मागच्या वर्षी सहावीतला एक मावळा वहाणेची माहिती विचारायला बाजारातल्या चर्मकाराकडे गेला आणि तासभर तिथेच बसला. संमेलनाच्या रात्री त्याने आपण होऊन बूट काढून ठेवले. त्याची आई पहिल्या रांगेतून खुणा करीत होती. त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.