जनुकसंयोगांचा संगणकीय शोध : एकमत आणि सत्य

कर्करोगाच्या पेशींत दोन भिन्न जनुकांचे खंड एकत्र येऊन एक संयुक्त जनुक निर्माण होते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. १९६० साली नोवेल व हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात आखूड झालेले गुणसूत्र आढळले. ते ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील देवघेवीचे फल आहे, असे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. आणि त्या देवघेवीतून उद्भवणाऱ्या बीसीआर-एबीएल या संयोगावर योजलेले इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत संमत झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या चिन्हापासून उपचारापर्यंत पोहोचण्यास चाळीस वर्षे लागली. आज अशा संयोगांचा शोध गाठीतील आरएनएचे अनुक्रमण करून संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविला जातो. तिच्या होकारावर वा नकारावर औषधाची निवड अवलंबून राहू लागल्यामुळे, तिची परीक्षा कशी घेतली जाते हा प्रश्न केवळ तांत्रिक उरत नाही.

या आज्ञावल्यांचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. अनुक्रमणातून आरएनएच्या लहान तुकड्यांच्या कोट्यवधी जोड्या हाती येतात. एखाद्या जोडीचे एक टोक एका जनुकात व दुसरे टोक दुसऱ्या जनुकात बसले, किंवा एकच तुकडा मध्येच दुभंगून दोन जनुकांत जुळला, तर तो संयोगाचा पुरावा मानला जातो. काही पद्धती हे तुकडे प्रथम मानवी जीनोमशी जुळवून पाहतात, तर काही आधी तुकड्यातुकड्यांतून पूर्ण आरएनए उभारतात आणि मग जुळणी करतात.

खरी अडचण पुरावा सापडण्याची नसून तो फार सापडण्याची आहे. परस्परसदृश जनुकांमुळे तुकडा चुकीच्या जागी बसतो. प्रयोगशाळेतील प्रक्रियेत असंबद्ध खंड चिकटतात. शेजारच्या दोन जनुकांचे वाचन न थांबता सलग होते. म्हणून प्रत्येक आज्ञावली अनेक गाळण्या लावते आणि तिचे मत या गाळण्यांतच दडलेले असते. २०१२ साली ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात आढळलेला एफजीएफआर३-टीएसीसी३ हा संयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. चौथ्या गुणसूत्रावरील या दोन जनुकांत जेमतेम ५० हजार बेसजोड्यांचे अंतर आहे. केवळ सान्निध्य पाहणारी गाळणी त्यास सलग वाचनाचा आभास ठरवून टाकून देईल. परंतु वाचनाच्या दिशेने पाहता टीएसीसी३ आधी येते व एफजीएफआर३ नंतर. संयोगात हा क्रम उलटलेला असतो. क्रमाकडे लक्ष देणारी गाळणीच त्याचे खरे स्वरूप ओळखू शकते.

अशा पद्धतींची एक विस्तृत तुलना ब्रायन हास व त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. तीत २३ पद्धती तपासल्या असून स्टार-फ्यूजन, अरीबा आणि स्टार-सेकर या तीन अचूकता व वेग या दोन्ही बाबतींत अग्रेसर ठरल्या. आधी उभारणी करणाऱ्या पद्धती अचूकतेत मागे पडल्या. तथापि संयोगाची पूर्ण रूपे व गाठीतील विषाणू ओळखण्यास त्या उपयुक्त आहेत, हेही लेखकांनी नमूद केले आहे. विखुरलेल्या दाव्यांना एका मापाने मोजण्याचे हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही.

तथापि त्या मापाचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. एक भाग कृत्रिम माहितीचा होता : प्रत्येक संचात ५०० संयोग मुद्दाम पेरलेले. येथे सत्य पूर्णपणे ज्ञात असते, पण ते परीक्षकाने कल्पिलेले असते. प्रत्यक्ष गाठीतील गोंधळ त्यात पुरता उतरत नाही. दुसरा भाग ६० कर्करोग-पेशीवंशांचा होता. तेथे सत्य ज्ञात नसल्यामुळे अनेक पद्धतींना जे संयोग सामाईकपणे आढळले तेच खरे धरण्यात आले. व्यवहारात याहून बरा मार्ग सुचणे कठीण आहे. परंतु एकमत म्हणजे सत्य नव्हे. अग्रेसर ठरलेल्या तिन्ही पद्धती स्टार या एकाच जुळणीयंत्रणेवर आधारलेल्या आहेत. स्टार जेथे अडखळेल तेथे त्या तिघीही अडखळण्याचा संभव आहे. एकाच दप्तरावरून साक्ष देणाऱ्या तीन साक्षीदारांना तीन स्वतंत्र साक्षींचे मोल देता येत नाही. शिवाय स्टार-फ्यूजन ही परीक्षकांच्याच गटाची निर्मिती आहे. ही गोष्ट त्यांनी लपविलेली नाही. तरी निष्कर्ष वाचताना ती विसरता येत नाही.

या मापाने काय निसटते, ते डीयूएक्स४ या जनुकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ४ व १० या गुणसूत्रांच्या टोकांशी त्याच्या अनेक जवळजवळ एकरूप प्रती असल्यामुळे त्याचा तुकडा नेमका कोठला, हे जुळणीस ठरवता येत नाही. तीव्र लसीकापेशीय रक्तकर्करोगात आयजीएच-डीयूएक्स४ हा संयोग एका स्वतंत्र उपप्रकाराची खूण आहे आणि त्या उपप्रकाराचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. जुळणीवर विसंबणाऱ्या पद्धतींच्या हातून हा संयोग वारंवार निसटतो. २०२० साली प्रसिद्ध झालेली सिसेरो ही पद्धत अशाच कठीण संयोगांसाठी स्थानिक उभारणीचा अवलंब करते. अशी एकटीच पद्धत हा संयोग दाखवील, तेव्हा एकमताच्या कसोटीवर तिचे यश खोटा गजर म्हणून नोंदले जाईल आणि इतरांचे मौन अचूकता म्हणून. रुग्णाच्या धोक्याचा अंदाज व उपचारांची तीव्रता ज्यावर ठरते, तीच खूण अशा रीतीने हिशेबातून वगळली जाते.

तात्पर्य, एका सरासरी अंकाने पद्धतींची क्रमवारी लावणे पुरेसे नाही. शेजारी जनुके, पुनरावृत्त जनुके, प्रतिपिंड-जनुकांचे प्रदेश अशा वर्गवारीने प्रत्येकीचे बलाबल मांडले पाहिजे. जुळणीयंत्रणा भिन्न असलेल्या पद्धतींच्या एकमतासच अधिक वजन दिले पाहिजे. आणि वादग्रस्त संयोग डीएनएवरील तुटीच्या जागेवरून अथवा स्वतंत्र प्रयोगाने पडताळले पाहिजेत. आज्ञावलीने काय स्वीकारले याबरोबरच काय व कोणत्या कारणास्तव नाकारले, हेही निकालात नोंदले गेले तर रोगनिदान करणाऱ्यास त्या नकाराची फेरतपासणी करता येईल.