युग्मताऱ्यांची वंशावळ : एका प्रचलित मांडणीची चिकित्सा

मार्चच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास काशीदच्या पुळणीवरून दक्षिणेकडे पाहिल्यास अगस्तीच्या पूर्वेस, क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर, गॅमा वेलोरम हा तारा दिसतो. वस्तुतः ते एक युग्म आहे. त्यातील वुल्फ-रायेट तारा सुमारे ९ सूर्यभारांचा, तर सहचर सुमारे २८ सूर्यभारांचा असून परिभ्रमणकाल साडेअठ्ठ्याहत्तर दिवसांचा आहे. हलका तारा उत्क्रांतीत पुढे गेलेला आहे. अर्थात मूळचा जड तारा तोच, आणि त्याने आपले हायड्रोजनचे आवरण गमावले आहे.

अशा युग्मांचे भवितव्य सांगताना एक सरळ वंशावळ मांडण्याची प्रथा पडली आहे : दोन जड तारे, दोन अतिनवतारे, दोन अतिघन अवशेष आणि अखेर त्यांचे विलीनीकरण. ही मांडणी सुबोध आहे. परंतु खरी अडचण तीत झाकली जाते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी ज्यांच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या, ती कृष्णविवरे प्रत्येकी सुमारे ३० सूर्यभारांची होती. अशी जोडी विश्वाच्या आजच्या वयात विलीन व्हावयाची, तर वर्तुळाकार कक्षेत त्यांचे आरंभीचे अंतर सुमारे ५० सूर्यत्रिज्यांहून अधिक असून चालत नाही. कारण अंतर दुप्पट झाले की विलीनीकरणाचा काळ सोळापट होतो. उलट, जड तारे फुगतात तेव्हा त्यांची त्रिज्या कित्येक शेकडा सूर्यत्रिज्या होऊ शकते. मग कक्षा आकुंचली कशी? 'सामाईक आवरणा'मुळे, असे उत्तर मिळते : एक तारा दुसऱ्याच्या आवरणात शिरतो आणि कक्षेची ऊर्जा ते आवरण उधळून देण्यात खर्ची पडते. तथापि त्या ऊर्जेचा किती अंश कामी येतो, हे दर्शविणारा गुणक बव्हंशी गृहीत धरलेला असतो. असा गुणक जुळवून घेऊन काढलेली विलीनीकरणांची संख्या निरीक्षणाशी जुळली, तर तेवढ्याने सिद्धान्ताची प्रचीती आली असे म्हणता येत नाही. किंबहुना द्रव्याच्या स्थिर संक्रमणानेही कक्षा लहान होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक शोधला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. तो सुमारे ५ मिलिसेकंदांत स्वतःभोवती फिरतो. एवढी गती सहचराकडून द्रव्य मिळूनच येते, आणि त्या प्रक्रियेत कक्षा जवळजवळ वर्तुळाकार होते. येथे मात्र कक्षेची विमध्यता ०.८८८ आहे! तेव्हा जुना सहचर जाऊन आजचा नंतर आला, हेच अनुमान सयुक्तिक ठरते. अखेरीस जोडी आढळली, म्हणून ती आरंभीही जोडीच होती असे नव्हे.

याचा अर्थ एकाकी युग्माचा मार्ग त्याज्य आहे, असा मुळीच नाही. १९७४ साली हल्स व टेलर यांनी शोधलेले पावणेआठ तासांचे युग्म आकाशगंगेच्या विरळ तबकडीत आहे. तेथे सहचराच्या अदलाबदलीला फारसा वाव नाही. म्हणून प्रत्येक जोडीची वंशावळ तिच्या परिसरावरून, कक्षेवरून आणि परिवलनावरून स्वतंत्रपणे ठरविली पाहिजे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मान्यता दिली. तेथील वेधशाळा निरीक्षणांची संख्या वाढवील. पण गृहीताला पुरावा समजण्याची सवय मोडण्याचे काम अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचेच आहे.