डुलणारा चंद्र कुठून पाहिलेला?

नासाच्या सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओचा चंद्रकलांचा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. तासाला एक चित्र, अख्खं वर्ष पाचेक मिनिटांत. त्यात चंद्र नुसता वाढत-घटत नाही, चक्क डुलतो. याला लायब्रेशन म्हणतात. काम अव्वल आहे, पण सिंगापुरात बसून बघताना तीन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट म्हणजे, चंद्रच हेलकावे खातोय असं वाटतं. खरं तर त्याची स्वतःभोवतीची गती जवळजवळ एकसारखी असते. कक्षा मात्र लंबवर्तुळाकार. पृथ्वीजवळ आला की तो पळतो, लांब गेला की रेंगाळतो. फिरकी आणि प्रदक्षिणा यांचा ताल असा मागेपुढे होतो, म्हणून कधी या तर कधी त्या कडेपलीकडचा भाग, सुमारे ८ अंशांपर्यंत, डोकावतो. शिवाय त्याचा अक्ष कक्षेच्या लंबाशी ६.७ अंश कललेला, त्यामुळे ध्रुवांपलीकडचंही थोडं दिसतं. म्हणजे ‘चंद्राची एकच बाजू दिसते’ हे शाळेतलं वाक्य अपुरं आहे. महिनोन्‌महिने बघत राहिलं, तर एकूण ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो.

दुसरा आक्षेप मोठा. हा चंद्र पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेला आहे. तिथे कोण राहतं? तुम्ही विषुववृत्ताजवळ उभे आहात. चंद्र उगवल्यापासून मावळेपर्यंत पृथ्वी तुम्हाला जवळपास तिच्या व्यासाइतकं सरकवते आणि नजरेचा कोन दोनेक अंशांनी बदलतो. एका रात्रीतलं हे डुलणं व्हिडिओत नाहीच.

तिसरी गोष्ट: उत्तर कायम वर. दक्षिण गोलार्धासाठी उलटी आवृत्तीही निघते, म्हणजे लंडनची सोय झाली, सिडनीचीही. आपलं काय? इथे उगवताना चंद्राची उत्तर बाजू डावीकडे असते, मावळताना उजवीकडे, आणि तो डोक्यावर आला की ‘वर’ कुठलं हेच ठरत नाही. आजीने दाखवलेला ससा इथे एका रात्रीत कोलांटी मारतो.

व्हिडिओ जरूर बघा. पण येत्या दोन-तीन पौर्णिमांना, चंद्र उगवल्यावर साधारण तेवढ्याच वेळाने, झूम करून फोटोही काढा. कडेजवळ मेअर क्रिसियम नावाचा गडद लंबगोल डाग शोधा आणि तो कडेपासून किती लांब आहे ते ताडून बघा. ते अंतर बदललेलं दिसलं, की चंद्राचं डुलणं तुम्ही स्वतःच्या गॅलरीतून पाहिलेलं असेल.