‘अच्छेव’ आणि आपला वाटा

पुंडलिक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. खाणीपायी शेती सुटलेल्या गावाची आणि त्यासोबत विस्कटत गेलेल्या एका कुटुंबाची ही कथा. डिचोलीकर वाचकास ती परकी वाटत नाही. शिरगावच्या विहिरी आणि मयेची शेते त्याने पाहिलेली असतात. मात्र तिचे मोठेपण आम्हांस निराळ्या कारणाने जाणवते. लेखक खाणमालकाकडे बोट दाखवून थांबत नाही. नांगर टाकून खाणीची वाट धरणाऱ्या हातांकडेही तो पाहतो.

आमच्या घरांतून मात्र दोष पुढे ढकलण्याचीच रीत. परवाने पोर्तुगीजांनी दिले, असे वडील म्हणतात. ट्रक वडिलांनी घेतले, असे मुले म्हणतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कर्जाच्या हप्त्यांची चर्चा घरोघर झाली, डोंगरांची क्वचितच. अखेर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाच भावी पिढ्यांसाठी कायम निधी उभारण्यास सांगावे लागले.

कादंबरी सावरण्याचा मार्ग दाखवीत नाही, ही तिची उणीव आम्ही मानीत नाही. तो मार्ग वाचकानेच शोधावयाचा आहे. दोषारोपांनी शेतातला गाळ उपसला जात नाही.